अस्तर उतरवताना

मोटारीच्या आतल्या बाजूला जे प्लॅस्टिकचे, कापडाचे आणि पुठ्ठ्याचे आवरण असते त्याला इंग्रजीत ट्रिम म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. पण हिंगोलीच्या गॅरेजांत शब्दावाचून कोणाचे काम अडलेले मी पाहिले नाही. दाराच्या आतले ते ‘पॅड’, छताचे ते ‘रूफ’, पायाखालची ती ‘मॅटिंग’, काचेलगतच्या खांबांवरची ती ‘पट्टी’, आणि सगळ्याला मिळून ‘फायबर’. वस्तू साध्या प्लॅस्टिकची असली तरी नाव फायबर! मी आपला त्याला अस्तर म्हणतो. कोटाचे अस्तर जसे शिलाईची टोके, आतला कॅनव्हास आणि शिंप्याची घाई पोटात घेते, तसे गाडीचे हे अस्तर वायरी, नळ्या, तारा आणि कच्चा पत्रा पोटात घेते. कोट दुरुस्त करायचा तर आधी अस्तर उसवावे लागते. गाडीचेही तेच.

हा काय रविवारच्या सकाळी वाचायचा विषय आहे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच, की आपल्या जिल्ह्यात सात माणसे बसतील अशी उंच गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सेनगावच्या शेतकऱ्याच्या घरी ती असते, कळमनुरीच्या मास्तरांच्या घरी असते, आणि ती एका माणसाची कधीच नसते. भावाभावांत वाटण्या झाल्या तरी गाडी सामायिक राहिलेली घरे मी पाहिली आहेत. तिच्यातून वऱ्हाड जाते, आषाढीला पंढरपूर होते, श्रावणात औंढ्याला नागनाथाचे दर्शन होते, फेब्रुवारी-मार्चमध्ये मागची सीट पाडून हळदीची दोन पोती जातात, आणि रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत कळ आली तर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवरचे नांदेडही तीच गाठते. हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले हे खरे. पण नांदेडची सवय एकदम जात नाही. अशा गाडीचे दार अडकले किंवा काच वर जाईना झाली, तर तो एका घराचा प्रश्न होतो. आणि अशी दुखणी बहुतेक अस्तराच्या आतच असतात.

जुन्या गाड्यांना ही भानगड नव्हती. मुंबईत १९४७ साली महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली, तीच जीप पुढे आमच्या लहानपणी परभणी जिल्ह्यात फिरत होती. हिंगोली तेव्हा परभणीचाच तालुका. जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या जीपला दाराच्या आत काही नव्हतेच, कारण पुष्कळदा दारच नव्हते. पत्रा उघडा, वायरी उघड्या, नट उघडे. गाडी बिघडली की ड्रायव्हर खाली उतरून तिच्याकडे पाही आणि बिघाड त्याला दिसे. मी बँकेत लागलो त्या काळात पीककर्जाच्या तपासणीला अशा भाड्याच्या जीपमधून जावे लागे. परत आल्यावर सदऱ्यावर जी काळी धूळ असे ती पाहून घरचे लोक विचारीत, की कर्ज वाटायला गेला होता की नांगरायला?

अॅम्बॅसडरला आणि प्रीमियर पद्मिनीला अस्तर होते, पण ते गरिबाघरच्या रजईसारखे. हार्डबोर्डच्या तुकड्यावर रेक्झिन ताणून चिकटवलेले. दोन पावसाळ्यांत तो पुठ्ठा फुगे आणि खालच्या कडेला त्याचे पापुद्रे निघत. काच फिरवायच्या हँडलमागे घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची एक क्लिप असे. ती काढायची युक्ती मी परभणीला पाहिली होती. म्हाताऱ्या मिस्त्रीने एक जुने फडके हँडलच्या मागे घातले, दोन्ही टोके धरली, आणि बूट पॉलिश करणारा जसे फडके इकडून तिकडे ओढतो तसे चार वेळा ओढले. क्लिप टुणकन उडून त्याच्या पोऱ्याच्या हातात पडली. पोऱ्या जणू झेल घ्यायलाच उभा होता. ही युक्ती जगभरच्या मिस्त्रींना ठाऊक आहे हे मला फार उशिरा कळले. परभणीच्या त्या माणसाला ती कोणी शिकवली असेल याचे मला अजून कुतूहल आहे.

१९९४ साली टाटांची सुमो आली. सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावातल्या इंग्रजी अक्षरांवरून तिचे नाव पडले. पण आपल्याकडे लोकांना ते जपानी पैलवानाचे नाव वाटले आणि शोभलेही. २००० साली बोलेरो आली, २००२ साली स्कॉर्पिओ. या दोन्ही नाशिकच्या कारखान्याच्या. प्रत्येक नव्या गाडीबरोबर अस्तर जाड होत गेले. उघडे स्क्रू दिसेनासे झाले. पूर्वी दाराच्या पॅडवर सहा-आठ स्क्रूंची डोकी दिसत. आता ती झाकणाखाली गेली आणि बाकीचे काम क्लिपांवर आले. क्लिपा बसवायला कारखान्यात वेळ लागत नाही, तळहाताची एक थाप पुरते. काढताना मात्र त्याच क्लिपा माणसाचा अंत पाहतात.

दाराचे पॅड कसे निघते ते सांगतो, कारण घरच्या माणसानेही ते एकदा नीट पाहावे असे माझे मत आहे. आमचे उस्ताद (गावात त्यांना कोणी मामू म्हणते, कोणी उस्ताद) पॅडला हात लावण्याआधी दारासमोर दोन मिनिटे नुसते बसतात. आतल्या हँडलच्या खोलगट भागात नखाएवढे एक चौकोनी झाकण असते. ते उचकटले की आत पहिला स्क्रू. दार ओढून घ्यायच्या मुठीत तळाशी दुसरा. आरशाच्या आतल्या अंगाला त्रिकोणी तुकडा असतो, तो निघाला की काही गाड्यांत तिसरा. एवढे झाले की उरतात त्या कडेच्या क्लिपा. त्यांचा आकार उलट्या देवदाराच्या झाडासारखा, पात्यावर पाती. भोकात शिरताना पाती दबतात, बाहेर येताना अडतात.

येथे नवखा माणूस पेचकस घालतो. (मराठवाड्यात स्क्रू ड्रायव्हरला आम्ही पेचकसच म्हणतो, निजामाचे राज्य गेले, शब्द राहिला.) लोखंडाच्या टोकाने प्लॅस्टिकवर वळ उठतो, दाराचा रंग उडतो, आणि रंग उडालेल्या जागी पुढच्या पावसाळ्यात गंज धरतो. मोठ्या शहरांत यासाठी प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्यांचा संच मिळतो. उस्तादांकडे बांबूच्या चार कामट्या आहेत. तासून पातळ केलेल्या, टोकाला गोल आणि तेल पिऊन काळ्या झालेल्या. कामटी खालच्या कडेने आत सारायची, क्लिप कोठे आहे ते चाचपायचे, आणि नेमके क्लिपेच्या शेजारीच उचलायचे. दोन क्लिपांच्या मधे उचलले तर पॅडच तडकते. खालची आणि बाजूची कड सुटली की पॅड पुढे ओढायचे नाही, वर उचलायचे. कारण वरच्या बाजूला ते काचेच्या फटीत अडकवलेले असते. वर उचलले तरी ते लगेच हातात घेऊन चालू लागायचे नाही. मागे हँडलची तार असते आणि काचेच्या बटणांच्या वायरीचा सॉकेट असतो. या घाईत तुटलेले सॉकेट उस्तादांनी एका डब्यात जमवले आहेत. ते दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टरने मुतखडे दाखवावेत तसे समाधान असते.

हवामानाचेही पाहावे लागते. जुने प्लॅस्टिक डिसेंबरच्या सकाळी पापडासारखे कडक असते. तेव्हा उस्ताद गाडी आधी तासभर उन्हात उभी करतात. मे महिन्यात उलट. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेले पॅड इतके मऊ पडते, की उचलले तिथे वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. ते काम ते सकाळी सातला घेतात.

पॅड निघाले की मागे पातळ प्लॅस्टिकचा कागद दिसतो, काळ्या चिकट डिंकाने दाराच्या पत्र्याला चिकटवलेला. हा कागद म्हणजे कारखान्यातले वेष्टन काढायचे राहून गेले, अशी पुष्कळांची समजूत आहे. काही गॅरेजांतून तो फाडून फेकतात. गाडीच्या आतल्या अर्ध्या दुखण्यांचे मूळ या फेकलेल्या कागदात असते, असे मी अतिशयोक्तीचा दोष पत्करून म्हणेन. कारण दाराच्या आत पाणी जातेच. काच जेथून वर-खाली होते त्या फटीतून पावसाचे पाणी काचेच्या अंगाने आत उतरते. रबर काही ते पूर्ण अडवीत नाही. कारखानदाराने ते गृहीत धरलेले असते. पाणी दाराच्या पोटात उतरावे आणि तळाच्या बारीक भोकांतून रस्त्यावर गळावे, अशी योजना असते. तो कागद पाण्याला गाडीच्या खोलीत येऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. कागद गेला की पाणी पॅडच्या मागून पायाखालच्या मॅटिंगमध्ये उतरते. मॅटिंगखाली जाड नमदा असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि वरून काहीच ओले दिसत नाही. फक्त गाडीत कुबट वास येऊ लागतो. मग घरचे लोक वासाची डबी आणून आरशाला लटकवतात. दोन वर्षांनी खालचा पत्रा बोटाने भोक पडेल इतका सडलेला असतो.

आणि ती तळाची भोके! आपल्या काळ्या मातीची धूळ आत जाते, पाण्याने तिचा चिखल होतो, आणि तो वाळला की सिमेंटसारखा बसतो. भोके बुजली की दार म्हणजे हौद. वळणावर दारातून खळखळ आवाज आला तर समजावे. यावर इलाज फुकट आहे: पावसाळ्याआधी एक काडी घेऊन ती भोके मोकळी करायची.

आता एक कठीण प्रकार सांगतो, कारण त्यात आमचेच घर सापडले होते. दार उघडे असले की पॅड काढता येते; पण कुलूपच अडकून दार बंद राहिले, आतूनही उघडेना आणि बाहेरूनही उघडेना, तर? कुलूप दुरुस्त करायला पॅड काढले पाहिजे, आणि पॅड काढायला दार उघडले पाहिजे. काही स्क्रू तर दाराच्या कडेवर, बंद दारात खांबाच्या आड गेलेले. गेल्या वर्षी आमच्या गाडीच्या मधल्या सीटचे डाव्या बाजूचे दार असे बसले. माझी आई शहाऐंशी वर्षांची. दर महिन्याला तिला नांदेडला डॉक्टरांकडे न्यावे लागते. तिची जागा तीच, कारण त्या बाजूला तिला धरायला मूठ आहे. उजव्या दाराने आत शिरून सीटवरून सरकत पलीकडे जाणे तिच्या गुडघ्यांना जमत नाही. एका मोठ्या शहरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन केला. तेथला तरुण अगदी सभ्यपणे म्हणाला, की पॅड तोडावे लागेल, नवे मागवू, कुलपाचा सेटही सुटा भाग मिळत नाही म्हणून पूर्ण बदलू, पंधरा दिवस लागतील. जो आकडा त्याने सांगितला त्यात मी बँकेत असताना एका म्हशीचे कर्ज मंजूर करीत असे.

उस्तादांनी गाडी पाहिली आणि विचारले, “आईंना कधी न्यायचंय?”

“परवा.”

“मग ठेवा इथंच. पॅड तुटलं तर तुटलं, पण आधी बघू तर.”

आई दुकानासमोर खुर्चीवर बसून होती; घरी थांब म्हटले तर ऐकत नव्हती. उस्तादांनी पुढची सीट खोलून बाहेर काढली, मधली सीट सोडवून मागे लोटली, आणि स्वतः त्या रिकाम्या जागेत कुशीवर पडले. पॅडची खालची कड कामटीने सोडवली. आतली बाजू उचलून हात जाईल एवढी फट केली, आणि पोऱ्याला ती धरून उभे केले. मग सायकलच्या स्पोकला टोकाशी आकडा करून तो आत घातला. डोळ्यांनी काही दिसत नव्हते. ते डोळे मिटूनच काम करीत होते. मधेच पोऱ्याला म्हणत, “हलू नकोस रे, तू हललास की माझा रस्ता हरवतोय.” पाऊण तासाने आत कट् असा आवाज झाला आणि दार दोन बोटे बाहेर आले.

“उघडलं का रे लेकरा?” आईने विचारले. उस्ताद माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत.

दोष निघाला तो वाटाण्याएवढ्या एका प्लॅस्टिकच्या तुकड्यात. हँडलपासून कुलपापर्यंत एक सळई जाते, ती ज्या तुकड्यात अडकवलेली असते तो तुकडा म्हातारा होऊन फुटला होता. सळई लोंबत होती. उस्तादांनी भंगारातल्या दुसऱ्या दारातला तसाच तुकडा काढून बसवला. पॅड शाबूत राहिले. दोन क्लिपा गेल्या, त्यांचे त्यांनी वीस रुपये लावले आणि मजुरी वेगळी सांगितली. आई परवा नांदेडला गेली, आपल्या जागेवर बसून.

हे सांगण्यात सर्व्हिस सेंटरवाल्या तरुणावर माझा राग नाही. त्याला जे पुस्तक दिले आहे त्यात सुटा तुकडा नाही. तेथे भाग म्हणजे ‘असेम्ब्ली’. हा प्रश्न एका गावाचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला होता. मुद्दा हाच होता, की सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत. कंपन्या अपिलात गेल्या, आणि अपिलांचे जे होते ते आपण जाणतोच. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिने हाती घेतलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारीही आहेत. त्याच डिसेंबरात संकेतस्थळही निघाले. या सगळ्याचा उस्तादांच्या दुकानावर काय परिणाम झाला, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “क्लिपा आता ऑनलाइन मिळायल्यात, शंभराचं पाकीट.” हा परिणाम समितीचा की बाजाराचा, हे ठरवणे माझ्या कुवतीबाहेरचे आहे.

उंदरांचे प्रकरण वेगळे. सोयाबीनची सुगी आली, मळणी झाली, पोती पडवीत लागली, की शेजारी उभ्या असलेल्या गाडीत उंदीर शिरतात. उबेला डॅशबोर्डच्या मागे जातात, नमद्याचे तुकडे नेऊन घर करतात आणि वायरी कुरतडतात. सकाळी एखादे बटण चालत नाही, दोन दिवसांनी गाडीच सुरू होत नाही. अमेरिकेत काही मोटारमालकांनी कंपन्यांवर दावे लावले होते, की वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून केलेला पदार्थ असल्यामुळे उंदीर ओढले जातात. कंपन्यांचे म्हणणे, की उंदीर सोयाबीन नव्हते तेव्हाही वायरी खात होते. आमच्या जिल्ह्यातल्या उंदराला पडवीत खरे सोयाबीन असताना वायर खायची काय गरज, हा माझा प्रश्न. त्यावर उस्तादांचे उत्तर असे, की उंदराचे दात वाढतात, त्याला चावायला काहीतरी लागतेच. प्राणिशास्त्राचे प्राध्यापकही हेच सांगतात. ही वायर शोधायची तर डॅशबोर्ड खोलावा लागतो. एसीची कॉइल गळू लागली तरी बहुतेक गाड्यांत तेच. तो पूर्ण दिवसाचा उद्योग आहे आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारा आहे. त्यात शिरत नाही.

आवाजाबद्दल मात्र लिहिले पाहिजे. जुन्या गाडीत आवाज येतो, आणि तो कोठून येतो हे कोणालाच कळत नाही. उस्ताद आवाजांची जात ओळखतात. ‘खडखड’ म्हणजे काहीतरी सुटे आहे. ‘टकटक’ म्हणजे वायरीचा सॉकेट पत्र्यावर आपटतो आहे. ‘कुरकुर’ म्हणजे दोन प्लॅस्टिके एकमेकांना घासत आहेत. शोधायची पद्धत अशी, की मालकाने गाडी कनेरगावच्या दिशेने चालवायची आणि पोऱ्याने मागे डिकीत आडवे पडून कान लावायचा. सापडला आवाज, की ते पॅनल काढून मागे घोंगडीचा तुकडा किंवा नमद्याची पट्टी चिकटवायची. याच जिल्ह्यात, औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या परिसरात, लायगोची वेधशाळा होऊ घातली आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिला २,६०० कोटी मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान थरथर टिपायची. याच भागातल्या काही गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात म्हणून लोक रात्री अंगणात झोपले आहेत, आणि २०२४ च्या मार्चमध्ये व जुलैमध्ये धरणी खरोखर हलली. थरथरीचा माग काढण्याचा हा जिल्हाच म्हणायचा. उस्तादांना मी लायगोची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि विचारले, “मग त्यांच्या तिथं ट्रक गेला तर?” शास्त्रज्ञांनाही हाच घोर असतो, असे मी वाचले आहे.

आता जी गोष्ट हसण्यावारी नेऊ नये ती. हळदीच्या मुलखात पिवळा रंग शुभ. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण गाडीच्या अस्तराच्या आत पिवळे वेष्टन असलेली वायर किंवा पिवळा सॉकेट दिसला, तर हात मागे घ्यावा. ती एअरबॅगची वायर. १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, आणि २०२२ सुरू होता होता शेजारच्या माणसासाठीही. महाग गाड्यांत ती छताच्या कडेला पडद्यासारखी गुंडाळलेली असते, सीटच्या कुशीत असते. तिच्या आत स्फोटक असते. पापणी लवायच्या आत ती फुगते. दुरुस्तीत ती चुकून उडाली तर तोंडाशी असलेल्या माणसाचा जबडा मोडू शकतो. म्हणून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी काढायचे आणि मग थांबायचे. कारण बॅटरी सुटली तरी त्या यंत्रात थोडी वीज साठून असते. किती मिनिटे थांबायचे हे ज्या त्या गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. उस्ताद त्या वेळात चहाला जातात. गाडी तशीच उघडी टाकून हा माणूस चहाला कसा गेला, म्हणून चिडणारी गिऱ्हाइके मी पाहिली आहेत.

काढण्याइतकेच बसवण्याचे आहे. पुढच्या खांबावरच्या पट्टीमागे पडदा-एअरबॅग असेल तर त्या पट्टीची क्लिप साधी नसते. बॅग फुटली तरी पट्टी सुटून उडू नये म्हणून तिला दोरीसारखा एक धरबंध असतो. ती क्लिप तुटली म्हणून तेथे फेव्हिक्विक लावणे, किंवा स्क्रू मारणे, हा पोराबाळांच्या जिवाशी खेळ आहे. तसेच शिवून घेतलेले जाड सीट-कव्हर. सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर ते कव्हर तिचे तोंड बांधते. लग्नात गाडी मिळाली की दुसऱ्याच दिवशी कव्हर शिवायला टाकणाऱ्यांनी दुकानदाराला एवढे तरी विचारावे.

बँकेत असताना वाहनकर्जासाठी जुन्या गाडीची पाहणी करावी लागे. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ठसा फाइलला लावायचा. त्या ठशाने गाडी तीच आहे एवढे कळे. ती पाण्यात बुडाली होती का, हे त्या कागदावर उमटत नसे. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी आणि नांदेडमध्ये जो पाऊस झाला त्यात कयाधूचे पाणी लोकांच्या अंगणात आले. तेव्हापासून जुनी गाडी घेणारे लोक उस्तादांना बरोबर नेतात. बाहेरून धुऊन, पॉलिश करून, अत्तर मारून गाडी नवरीसारखी उभी असते. उस्ताद इंजिनाकडे पाहत नाहीत. आत बसून सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढतात. पट्ट्याचा जो भाग एरवी खांबाच्या अस्तरात गुंडाळलेला असतो, त्यावर गाळाची रेघ असली की ते पट्टा सोडून देतात आणि म्हणतात, “चला.” विकणारा अवाक होऊन पाहत राहतो.

अस्तराच्या आत सापडणाऱ्या वस्तूंची यादी करायची झाली तर आमच्याच गाडीत मॅटिंग उचलल्यावर निघाल्या त्या अशा: हळदीची पिवळी पूड, अक्षता, चिंचोके, दोन रुपयांची सात नाणी, नातीची एक हेअरक्लिप, नागनाथाच्या अंगाऱ्याची पुडी, आणि पैसे भरायची एक कोरी स्लिप, ज्या बँकेचे २०१७ साली स्टेट बँकेत विलीनीकरण झाले तिची. ती स्लिप मी ठेवून घेतली.

उस्तादांना एकच मुलगा. तो चाकणला कारखान्यात लागला आहे. जेथे थाप मारून क्लिपा बसवतात तशाच एका लाइनवर. महिन्याला ठरलेला पगार येतो. परत यायचे तो नाव काढत नाही आणि उस्तादही आग्रह करीत नाहीत. मागल्या दिवाळीपासून त्यांच्याकडे सेनगावकडचा एक मुलगा येतो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स त्याने केला आहे. इंजिनाचे त्याला चांगले कळते, पण पॅडला हात लावायला तो भीत असे. परवा एका बोलेरोचे मागचे दार त्याने एकट्याने खोलले. उस्ताद मुद्दाम समोरच्या टपरीवर जाऊन बसले होते आणि तेथून पाहत होते. तीन क्लिपा तुटल्या. मुलगा तोंड पाडून सांगायला गेला. उस्तादांनी गोळ्यांच्या डबीतून तीन नव्या क्लिपा मोजून त्याच्या हातावर ठेवल्या आणि विचारले, “आतला कागद फाटला का?”

“न्हाई फाटला.”

“मग जा, बसव.”